तापीच्या आधीची तिरकी रेघ

जैनाबादची फाईल सकाळपासून उघडत नव्हती आणि मंगलाताईंचं डोकं उठलं होतं.

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या केळी उत्पादक मंडळात त्या बरीच वर्षं संगणकावर बसत. तापी नदीपलीकडे जैनाबादचं मंडळ वेगळं होतं, तिथं हेच काम भाईदास बघायचे. यंदा उन्हाळ्यात दोन्ही मंडळं एक झाली. पाटी बदलली, शिक्का बदलला, कपाटं इकडची तिकडे गेली. संगणकावर मात्र दोघांपैकी एकच राहणार होतं. कोण, ते ठरायचं होतं. दोघांनाही हे ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते.

त्यात केळीवर हरण्या रोग आला. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा, म्हणजे मधलं न उमललेलं पान, सडतो, आणि झाड उपटून जाळण्याशिवाय इलाज उरत नाही. रोग काही नदीपाशी थांबत नाही, म्हणून दोन्ही काठांच्या बागांची पाहणी एकाच नकाशावर हवी होती. कोणाच्या बागा आधी उपटायच्या ते दुपारच्या सभेत ठरणार होतं.

असे नकाशे मंगलाताईंनी आधीही काढले होते. इंदूरला नोकरी करणाऱ्या मुलीनं फोनवर थोडं थोडं करून त्यांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवली होती. त्या भाषेतल्या पांडास नावाच्या लायब्ररीला फाईलचा पत्ता द्यायचा, की ती फाईल वाचून पुढ्यात मांडते, एवढं त्यांना पक्कं बसलं होतं. आज मात्र पडद्यावर पुन्हा पुन्हा लाल अक्षरं येत होती, की दिलेला पत्ता चालत नाही.

फाईल तर डोळ्यांसमोर होती. एक्सेलमध्ये उघडत होती. त्यांनी नावाचं स्पेलिंग तपासलं. नावामागं फाईलचा प्रकार सांगणारं एखादं शेपूट लपलंय का ते पाहिलं. संगणक बंद करून चालू केला. पंखा गरम हवा फिरवत होता, डोळे चुरचुरत होते. बसल्या जागी मान टाकावी आणि कोणी हाकही मारू नये, असं त्यांना वाटत होतं.

सेक्रेटरी गिरधरभाऊ मागं येऊन उभे राहिले.

"काय झालं ताई?"

"जैनाबादची फाईल वाचत नाहीये."

"मला माहीतच होतं. तिकडचं सगळं कामच फालतू. बरं झालं, सभेच्या आधीच कळलं."

मंगलाताईंनी भाईदासना फोन लावला. थकव्यानं म्हणा, नाहीतर गिरधरभाऊंचं बोलणं कानात होतं म्हणून म्हणा, त्या बोलून गेल्या, "भाईदासभाऊ, काम बिघडवायचं असेल तर तसं सांगा. मी उगीच डोळे फोडून राहिले इथं."

भाईदास एवढंच म्हणाले, "येतो मी."

पूल ओलांडून भरउन्हात ते स्कूटरवर आले. तोंडावरचा गमछा सोडला, माठातलं पाणी प्यायले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. फोनवरच्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही. तेच मंगलाताईंना जड गेलं.

भाईदासनी आणलेल्या पेनड्राइव्हवरून फाईल पुन्हा घेतली. तरी तीच लाल अक्षरं.

"वाचा बरं काय म्हणतो तो," भाईदास म्हणाले.

"वाचून वाचून पाठ झालंय."

"मी नाही ना वाचलं अजून." त्यांनी चष्मा पुसून पडद्याजवळ तोंड नेलं. "ताई, इथं पत्त्यात एका ठिकाणी तिरक्या रेघा दोन आहेत आणि तापीच्या आधी एकच. असं का?"

मंगलाताईंनी पाहिलं. खरंच एकच होती. सकाळपासून त्या लाल रंग पाहत होत्या, रेघा पाहिल्याच नव्हत्या.

आधी त्यांच्या फोल्डरचं नाव 'केला', म्हणजे हिंदीतलं केळं, असं होतं. मंडळं एक झाल्यावर दोन्ही काठांना चालेल असं नाव हवं म्हणून तापीचंच नाव, इंग्रजी अक्षरांत 'ताप्ती', ठेवलं. पायथनमध्ये उलट्या तिरक्या रेघेला चिकटून इंग्रजी टी आला, की संगणक त्याला अक्षर समजत नाही, टॅबची मोकळी जागा समजतो. मग तो बिचारा असल्या नावाचा फोल्डर कुठून शोधणार? लाल अक्षरांत तो खरी रेघ दुहेरी दाखवतो; इथं ती एकच दिसली ती त्यामुळेच. मुलीनं हे एकदा सांगितलं होतं, पण 'केला'ला कधी अडचण आली नाही, म्हणून ते विसरून गेलं.

त्यांनी पत्त्यातल्या रेघा उलट्या होत्या त्या सुलट केल्या आणि बटण दाबलं. जैनाबादच्या बागांच्या ओळी सरसर खाली उतरल्या.

"आली!" भाईदास म्हणाले.

मंगलाताईंना आनंद झाला नाही. त्यांच्या ध्यानात आलं, की बऱ्हाणपूरची फाईलही त्याच फोल्डरात होती, तीही उघडली नसती. प्रोग्राममध्ये जैनाबादचं नाव आधी होतं, म्हणून तिथंच अडलं आणि दोष तिकडच्यांच्या माथी गेला.

"भाऊ, मघाशी मी जे बोलले..."

"असू द्या. उन्हात कोणाचंही डोकं फिरतं."

तेवढ्यात गिरधरभाऊ आत आले. "झालं? भाईदासनं गलती सुधारली का स्वतःची?"

भाईदास खाली पाहून गमछ्याची घडी घालू लागले. मंगलाताई गप्प बसल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती. नोकरीही बहुधा मंगलाताईंचीच राहिली असती.

"गलती माझी होती," त्या म्हणाल्या. "फाईल सही होती. पत्ता मी चुकीचा लिहिला. आणि तो यांनी शोधला."

मंगलाताईंनी दोन्ही काठांचा नकाशा छापून काढला. गिरधरभाऊ तो घेऊन निघून गेले.

सभा झाली. दोन्ही काठांच्या काही बागा उपटायचं ठरलं. ज्यांच्या होत्या ते उठून गेले. पुढच्या महिन्यात मंडळानं निकाल दिला, की कोणालाच काढायचं नाही, दोघांनी अर्धा अर्धा दिवस यायचं. पगारही अर्धा. हे बरं झालं की वाईट, ते मंगलाताईंना अजून सांगता येत नाही. सकाळी त्या बसतात, दुपारी भाईदास येतात. येतात तेव्हा घामानं भिजलेले असतात, आणि मंगलाताईंचे डोळे मिटायला आलेले असतात. काय झालं, काय राहिलं, तेवढं सांगून मंगलाताई खुर्ची सोडतात आणि सावली धरून घरी जातात.