चोवीस दिवसांची हजेरी

परीक्षेला तीन आठवडे उरले की कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या फळ्यावर एक यादी लागते. ज्यांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली, त्यांची नावं तिच्यात असतात. नाव लागलं की वर्ष गेलं. ज्याला धास्ती असते तो ही यादी खालून वर वाचतो. तिनंही खालूनच सुरुवात केली आणि दोन नावांत यादी संपली. दोन्हींत तिचं नाव नव्हतं.

दुसरी कोणी असती तर हुश्श म्हणून चहाला गेली असती. हिच्या कपाळाला आठी पडली.

वर्गात तिला सगळे 'पंचनामा' म्हणत. ती पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कुणी नुसतं "काल आलो नाही" म्हटलं तरी का, कुठं होतास, कुणी पाहिलं, असे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कॉलेज नोकरदारांचं, सकाळी सात ते दहा भरणारं. तास संपला की कोणी दुकानात जाई, कोणी कारखान्यात. या सगळ्यांत पंचनामाची हजेरी एरवी एक दिवसही चुकलेली नव्हती. चुकली ती एकदाच आणि चांगली चोवीस दिवस. तिचे बाबा रंगकाम करत. एका इमारतीच्या परांचीवरून ते पडले, नऊ दिवस दवाखान्यात होते आणि गेले. त्यानंतरचे पंधरा दिवस घरातून बाहेर पडावं असं तिला वाटलंच नाही.

मग तिची हजेरी पुरली कशी?

तिनं हेडक्लार्कना हजेरीपट दाखवायला सांगितला. त्यांनी कुरकुरत तो खिडकीतून पुढं सरकवला. रोल नंबर सतरा. रांगेनं सगळे 'ह'. मागच्या महिन्याच्या पाच तारखेच्या चौकोनातही 'ह'च होता. त्या सकाळी सात वाजता ती बाबांच्या उशाशी बसून होती आणि ते संपले होते. हजेरीपटाच्या मते मात्र ती वर्गात होती, आणि त्या दिवशी जगात काहीही झालेलं नव्हतं.

तिला आनंद झाला नाही. तिला लबाडीचा वास आला.

खरं सांगायचं तर बाबा गेल्यापासून तिला सगळ्याच गोष्टींत हा वास येत होता. काका बाबांची शिडी आणि ब्रश "सांभाळून ठेवतो" म्हणून घेऊन गेले, तेव्हा तिनं ब्रश किती होते ते वहीत लिहून ठेवलं. शेजारीण विचारपूस करायला आली, तर हिला वाटलं, घरात काय उरलंय ते बघायला आली. दवाखान्यात कपडे धुवायच्या खात्यात काम करणारी तिची आई एकदा वैतागून म्हणाली होती, "अगं, एखाद्या माणसाकडं नुसतं माणूस म्हणून बघ की कधीतरी."

त्यातच एका दैनिकानं वर्गातल्या एकाच विद्यार्थ्याला सहा महिने हाताखाली घ्यायचं ठरवलं होतं. प्रत्येकानं महिनाअखेर स्वतः शोधून काढलेली एक बातमी द्यायची होती. ती जागा तिला हवी होती. बाबा शिडीवरून शेजाऱ्यांना ओरडून सांगत, "आमची पोरगी पेपरात येणार!" एखाद्या गुन्ह्यातच येणार असं वाटावं, अशा थाटात सांगत. आता ते सांगणारं कोणी राहिलं नव्हतं, म्हणून तर ती जागा जास्तच हवी होती. आणि बातमी तर आयती पायाशी येऊन पडली होती.

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागली. सर हजेरी घेताना मान खाली घालून नुसते आकडे वाचत. ते पूर्वी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते, आणि दुनियेत काय चाललंय यापेक्षा कागदावर काय आहे यावर त्यांचा विश्वास जास्त. तिनं तीन दिवस मोजलं. बाकांवर माणसं एकोणीस, आणि 'हजर' मात्र बावीस! एकवीस नंबरचं बाक रिकामं असायचं, तरी कुठून तरी बारीक आवाजात 'हजर' यायचं. वीसपेक्षा कमी विद्यार्थी येऊ लागले तर हा वर्ग बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्ग बंद म्हणजे सरांची नोकरी बंद. धागा जुळला. सर वर बघत नाहीत, कारण त्यांना बघायचंच नाही!

तिनं कुणालाही काही विचारलं नाही. विचारलं की माणसं सावध होतात, असं तिचं मत झालं होतं.

वर्गात एक मावशी होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, दवाखान्यात लिफ्ट चालवणाऱ्या. "दिवसभर जगाला वर-खाली करते, आपण आहे तिथंच," असं त्या म्हणत. लिफ्टमध्ये इतक्या बातम्या कानावर पडतात, त्या लिहायला तरी शिकावं, म्हणून त्या इथं आल्या होत्या. पंचनामा परत आली त्या दिवशी मावशींनी चोवीस दिवसांच्या टिपणांची वही तिच्या हातात ठेवली होती. तारीखवार, मोठ्या गोल अक्षरांत. तेव्हा तिला भरून आलं होतं. आता तीच वही तिला खुपू लागली. एवढं कोण कुणासाठी करतं? हिला काहीतरी माहीत आहे आणि माझं तोंड बंद ठेवायची ही सोय आहे! एकदा मावशींनी सहज विचारलं की तुझी बातमी कशावर आहे गं, तर पंचनामानं वही मिटली आणि पाण्याच्या नळाकडं निघून गेली.

बातमी लिहून झाली. मथळा होता 'शिक्षकाची नोकरी आणि वर्गातली भुतं'. तिच्यात नऊ नंबरचं भूत होतं, एकवीस नंबरचं होतं, तेवीस नंबरचं होतं. तारखा होत्या, आकडे होते. सतरा नंबर नव्हता. बातमीदारानं बातमीत लुडबुडू नये, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

बातमी दैनिकाकडं जायच्या आधी सरांच्या नजरेखालून जायची, असा नियम होता. तिला वाटलं, चोराच्याच हाती किल्ली द्यायची आहे. तरी ती गेली. तीन प्रती करून, एक घरी ठेवून गेली.

सरांनी ती उभ्यानंच वाचली. वाचताना पेन्सिलीनं दोन ठिकाणी शब्द सुधारले. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लिहिलंय चांगलं. आकडेही खरे असणार. पण ज्याच्यावर लिहिलंस त्याला विचारलंस का?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग आता विचार. मी समोरच बसलोय."

तिनं विचारलं, की तुम्ही मान वर का करत नाही. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं ते तिनं अपेक्षिलं नव्हतं. पूर्वी ते वर बघत. या वर्गात पंचेचाळीस जण असायचे. दर वर्षी बाकं रिकामी होत गेली. वर बघितलं की ते रिकामी बाकं मोजत बसायचे आणि मग शिकवायला जीव व्हायचा नाही. म्हणून आवाज ऐकून खूण करायची सवय लागली. कोण कुणासाठी ओरडतं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं त्यांनी टाळलं होतं. "भित्रेपणा म्हण. ते छापलंस तर माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण एक सांग. तू चोवीस दिवस नव्हतीस. सतरा नंबर कुठं गेला?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. भुतांच्या यादीतलं सगळ्यात मोठं भूत तिनं स्वतःच वगळलं होतं!

"सतरा नंबरला 'हजर' कोण म्हणायचं, ते मला ठाऊक नाही," ती कशीबशी म्हणाली.

"मग बातमी अजून अर्धीच आहे," सर म्हणाले.

त्या दुपारी ती दवाखान्यात गेली आणि लिफ्टमध्ये शिरली. मावशी स्टुलावर बसल्या होत्या. दार लागताच तिनं सरळ विचारलं, "मावशी, माझ्या नावावर 'हजर' कोण म्हणायचं?"

"मी," मावशी म्हणाल्या. जणू कितव्या मजल्यावर जायचं एवढंच सांगितलं.

पहिल्या मजल्यावर दोन डॉक्टर आत आले, तिसऱ्यावर उतरले. मग मावशी हळूहळू बोलू लागल्या. बाबांना त्यांच्याच लिफ्टनं वर नेलं होतं, आणि पाच तारखेला खालीही त्यांच्याच लिफ्टनं आणलं होतं. पंचनामा शेजारी उभी होती, पण तिला समोरचं काही दिसत नव्हतं. मावशींची स्वतःची आई गेली तेव्हा त्या दहावीत होत्या. महिनाभर शाळा बुडाली, नाव कापलं गेलं, आणि पुन्हा वर्गात बसायला पस्तीस वर्षं लागली. "माझ्यासाठी तेव्हा कुणी 'हजर' म्हटलं असतं तर? एवढाच विचार केला बघ. तुझा बाप गेला, वर तुझं वर्षही जावं होय?"

बाकीची तिघं? त्यांचीही कामाच्या पाळीमुळं अडचण. आवाज बदलून, रुमाल तोंडाशी धरून मावशीच ओरडायच्या. सरांचं त्यात काही नव्हतं.

ज्या बाईचा संशय घेऊन पंचनामा नळाकडं निघून गेली होती, तीच चोवीस दिवस तिची जागा राखून बसली होती. ती मावशींचा हात धरून रडली, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर रडली. मावशींनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून ठेवली, आणि वरून कोणी बेल वाजवली तेव्हा "बिघाड आहे!" म्हणून सांगितलं.

बातमी फाडून टाकायची असं ठरवूनच ती दुसऱ्या दिवशी सरांकडं गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावरची यादी वाचलीस का, असं विचारलं. त्यातलं पहिलं नाव वर्गातल्याच गॅरेजवाल्याचं. तो पंचवीस दिवस आला नव्हता, कारण त्याची आई अंथरुणाला खिळली होती. त्याचं वर्ष गेलं.

"त्याच्यासाठी कोणी ओरडलं नाही," सर म्हणाले. "मावशींनी वाईट केलं असं मी म्हणणार नाही. पण असली दया ओळखीच्याच माणसाला मिळते. ज्याची ओळख नाही तो यादीत. आणि कॉलेजच्या नियमात एक कलम आहे. घरात मृत्यू किंवा मोठं आजारपण असेल तर अर्ज करायचा, प्राचार्य सूट देऊ शकतात. सहा वर्षांत एकही अर्ज आला नाही. का येईल? वाकडी वाट सोपी पडली की सरळ वाटेवर गवत वाढतं. उद्या कुणी म्हणेल, कलमाची गरजच काय, सगळे तर हजर आहेत!"

चौकोनातला तो पाच तारखेचा 'ह' तिला सारखा दिसत होता. सरांच्या बोलण्यापेक्षाही त्या एका अक्षरानं तिचा निर्णय झाला.

"सर, ते चोवीस दिवस मला परत पाहिजेत," ती म्हणाली. "गैरहजर म्हणून."

नवी बातमी तिनं तिथंच बसून लिहिली. पहिलं वाक्य असं होतं: 'या कॉलेजात एक विद्यार्थिनी चोवीस दिवस खोटी हजर होती, आणि ती विद्यार्थिनी मी आहे.' दुसऱ्या परिच्छेदात वर न बघणारे सर होते, त्यांच्याच शब्दांत. मावशींचं नाव घालायचं की नाही यावर ती अडली, तर मागं येऊन उभ्या राहिलेल्या मावशींनीच दटावलं, "घाल की. मी काय चोरी केली? चूक केली. ती माझ्या नावानं राहू दे."

मग ती, मावशी आणि सर ऑफिसच्या खिडकीशी गेले. हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर चढवला. "हजेरी लावा म्हणून रडत येणारे जन्मभर पाहिले. काढा म्हणून येणारी तू पहिलीच," ते म्हणाले. पण त्यांनी तांबडं पेन घेतलं आणि सतरा नंबरच्या रांगेतला एकेक 'ह' खोडून शेजारी सही करत गेले. गॅरेजवाल्याला तिनं गॅरेजातून बोलावून आणलं होतं. त्याचे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून अर्ज मावशींनी लिहिला, त्यानं फक्त सही केली, तीही कागदाला बोट लागू न देता.

पंचनामानं स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला. 'गैरहजेरीचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. इतक्या दिवसांत तिनं ब्रश मोजले होते, माणसं मोजली होती, आवाज मोजले होते. पण ते दोन साधे शब्द तिनं कुठंच लिहिले नव्हते. मग तिनं लिहिलं: 'वडील वारले.'

पुढचं थोडक्यात सांगतो. दैनिकातली जागा तिला मिळाली नाही. फुटलेल्या जलवाहिनीची बातमी देणाऱ्या एका मुलाला ती मिळाली, आणि त्याची बातमी खरंच चांगली होती. प्राचार्यांनी दोन्ही अर्ज मान्य केले, सुट्टीत पंधरा दिवस जादा तास बसायच्या अटीवर. पाळीवाल्या तिघांसाठी संध्याकाळचा तास ठेवता येईल का, याचा विचार आता पहिल्यांदाच सुरू झाला आहे. वर्ग पुढच्या वर्षी राहील की नाही, हे अजून नक्की नाही. सर मात्र हजेरी घेताना मान वर करतात.

वाचकहो, संशय घेणं हा काही गुन्हा नाही. डोळे उघडे ठेवणाऱ्याला तो येणारच. पण त्याची सुरुवात आपल्या नावापुढच्या खुणेपासून करावी, आणि मग समोरच्याला तोंडावर विचारावं. आपणही कुणाकुणासाठी सहज खोटं 'हजर' म्हणत असतो, कचेरीत, शाळेत, घरात, आणि तेही चांगल्या मनानं. तसं न करता त्या माणसाचं दुःख उघडपणे अर्जात लिहायला त्याच्या शेजारी बसावं. म्हणजे ज्याच्यासाठी ओरडायला कोणीच नाही, त्यालाही त्याच खिडकीशी उभं राहता येतं.