चेकनटवरची लाल रेघ

गिरिजाची इको व्हॅन पुन्हा डावीकडे ओढायला लागली, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली. चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी, चार दिवस बरे जावेत आणि पुन्हा तेच रडगाणं. रस्ता सरळ, स्टिअरिंग वाकडं आणि मागे गोडदेवची शाळकरी पोरं. हात जरा सैल सोडला की गाडी गटाराकडे निघायची.

घरात मात्र गाडीला कुणी दोष देत नव्हतं. नवरा बबन काशीमीऱ्याच्या गोदामात स्टोअरकीपर. स्टिअरिंगला त्याचा हात लागायचा फक्त रविवारी, पण अक्कल शिकवणं रोजचं. बायकांना खड्डे दिसत नाहीत, हे त्याने सासूबाईंसमोर सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि एकदा तर गाडीतून शाळेत जाणाऱ्या आरोहीच्या आईलाही सांगितलं. ती बाई तेव्हापासून रोज लेकीला सोडताना गिरिजाला म्हणायची, सांभाळून हां. शेवटी बबनने ठरवूनच टाकलं की पाडव्यापासून गाडी नाथा चालवेल. नाथा म्हणजे धाकटा दीर, ज्याचं बूड कुठल्याच कामावर टिकलं नाही. गिरिजाने एकेका आईची समजूत घालून हे काम उभं केलं, आणि ते आता त्याच्या ताटात आयतं वाढायचं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

पण ती नुसती जळत बसली नव्हती. चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडवर एक चेकनट असतो. अलाइनमेंट जिथे बसवली तिथेच धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. मागच्या खेपेला जितेशच्या गॅरेजमध्ये काम झाल्यावर तिने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि रॉडपासून नटापर्यंत एक सरळ रेघ ओढली. तिची आई लोणच्याच्या बरणीवर अशीच कुंकवाची रेघ ओढायची, झाकणापासून बरणीपर्यंत. झाकण कुणी फिरवलं की रेघ तुटायची आणि चोर सापडायचा. जितेश तेव्हा हसला होता.

या खेपेला ती बबनला सोबत घेऊन गेली. तोही खुशीत आला, कारण मेकॅनिकच्याच तोंडून बायकोची चूक ऐकायला मिळणार होती. गाडी रॅम्पवर चढली. गिरिजा मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकली. रेघ तुटली होती. रॉडवरचा तुकडा वर आणि नटावरचा पार खाली.

"खड्ड्याने नट असा फिरत नाही, जितेशभाई," ती म्हणाली. "हा घट्ट आवळलाच नव्हता."

जितेशने आधी बबनकडे पाहिलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "भाभी, मी तर टाइटच करत होतो. बबनभाऊंचा फोन आला, हलका ठेव, ग्रीस मार."

बबन घाईघाईने समजावू लागला. इथली हवा खारी, खाडी जवळ. मागे एकदा नट गंजून असा जाम झाला की गॅसने कापावा लागला होता. इथे सगळेच हलका ठेवायला सांगतात, पुढच्या वेळी सहज उघडतो. गाडीच्या भल्यासाठीच सांगितलं होतं त्याने.

इथवर गिरिजाने ऐकून घेतलं असतं. चूक माणसाच्याच हातून होते. पण तिने जितेशला विचारलं, पहिल्यांदा सेटिंग सरकली तेव्हा ती ढिल्या नटामुळे सरकली हे भाऊंना सांगितलं होतं का? जितेश म्हणाला, सांगितलं होतं.

म्हणजे बबनला माहीत होतं. माहीत असूनही हा चारचौघांत तिलाच दोष देत हिंडला, आणि ढिल्या नटावर पोरं शाळेत जात राहिली.

जितेशने अलाइनमेंट पुन्हा बसवली. नट कसताना रॉडही सोबत फिरू नये म्हणून तो दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा असतो. तो पाना गिरिजाने बबनच्या हातात दिला. इस्त्रीच्या शर्टात तो गाडीखाली वाकला, आणि जितेशने नट असा आवळला की बबनच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. गंजला तर कापू, गिरिजा म्हणाली. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. मग तिने जुनी रेघ पुसून दोन्हीकडे नव्या ओढल्या.

परतताना हायवेवर गाडी नाकासमोर धावत होती. बबन म्हणाला, नाथाला मी काहीतरी कारण सांगतो, गाडी तूच चालव.

गोडदेवच्या घराकडे न वळता गिरिजाने गाडी आरोहीच्या बिल्डिंगखाली आणून उभी केली. आरोहीची आई भाजीची पिशवी घेऊन गेटातून आत शिरत होती. गिरिजाने काच खाली करून तिला थांबवलं.

"ताई, जरा थांबा. यांना तुम्हाला गाडीबद्दल काहीतरी सांगायचंय."

मग तिने हँडब्रेक ओढला आणि बबनकडे वळून पाहिलं. तो दार उघडेपर्यंत ती तशीच पाहत राहिली.