करदैगुरी नावाची तीन गावं

"डुकरं कुठेयत?" तरुलतानं विचारलं.

"कालच पोचवली ना, वहिनी," नावाडी मोहिकांत म्हणाला. "करदैगुरीत."

"कुठल्या करदैगुरीत?"

"बेटावरच्या."

तरुलतानं कपाळावर हात मारून घेतला. ब्रह्मपुत्रेनं करदैगुरी गिळली तेव्हा काही माणसं इथं बांधावर आली, काही वाळूच्या बेटावर गेली, उरलेली वरच्या अंगाला सरकली. जाताना भांडी नेली, माग नेले आणि गावाचं नावही प्रत्येकानं आपल्यासोबत नेलं. नाव बदला म्हटलं की तिन्हीकडचे म्हातारे वस्सकन अंगावर यायचे, खरी करदैगुरी आमचीच! या हट्टापायी एकदा नवरदेवाची वरातसुद्धा भलत्याच मांडवात जाऊन बसली होती. आता डुकरं. आज तिच्या नवऱ्याचं, बगारामचं, दोदगांग होतं, गेलेल्या माणसाला शेवटचं जेवू घालून निरोप द्यायचा दिवस. डुकराशिवाय दोदगांग म्हणजे त्याला उपाशीच वाटेला लावणं.

"जा, घेऊन ये!"

"कापली असतील. मी सांगितलं, बगारामदादाच्या दोदगांगची आहेत. ते म्हणाले, बरं."

"बरं म्हणाले! माझा माणूस गेला तेव्हा एकानं तोंड दाखवलं नाही, आणि हादडायला बरे पुढे मेले!"

ती तरातरा काठावर गेली. बेटाकडून दोन नावा येतच होत्या. पुढच्या नावेत म्हातारी जुनाकी, नावाच्या भांडणात तरुलताशी बोलणं टाकलेली. पायाशी शिजलेल्या मांसाची पातेली.

"तुमची चूल पुरली नसती," जुनाकी गुरकावली. "म्हणून रांधूनच आणलं."

"तुम्हाला बोलावलं कुणी?"

"दोदगांगची डुकरं दारात आली. आणखी काय अक्षता पाठवणार होतीस? बगाराम तुमच्या बांधाचा नंतर गं. आधी माझ्या शेजारचा."

तरुलताच्या जिभेवर शिव्या तयार होत्या. पण म्हातारी एक जड पातेलं एका कानाला धरून एकटीच उतरवू पाहत होती. तिनं पाण्यात उतरून दुसरा कान धरला.

तेवढ्यात वरच्या अंगानं येणाऱ्या पाहुण्यांच्या नावेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, करदैगुरी हीच का?"

तरुलता काही बोलायच्या आत जुनाकीच खेकसली, "हीच! दिसत नाही का?"

इतके दिवस दाबून ठेवलेलं तरुलताचं रडू तेव्हा फुटलं.

"पातेलं सांभाळ, बये," जुनाकी म्हणाली.