ताणकाट्यावरचा शुक्र

मित्रांनो, लोम्बोक बेटावरच्या या गावात फणसाच्या आडव्या फांदीला जो जुना ताणकाटा टांगलेला दिसतो, तो मी. माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग आहे. जमीन वस्तूला खाली ओढते, स्प्रिंग ताणली जाते आणि काटा सरकतो. मला कळते ते एवढेच, ओढ किती.

उमेदीची वर्षे मी तंबाखूच्या गोदामात काढली. तिथे नवा काटा आला आणि मला गावाला देऊन टाकले. तेव्हापासून महिन्यातून एकदा माझ्या आकड्याला सारोंगची, म्हणजे लुंगीसारख्या कापडाची, झोळी बांधतात आणि गावातली बाळे वजनाला येतात. एरवी मी शाळेत असतो.

तिथल्या सुहैनीबाईंनी मुलांकडून माझ्यासाठी कागदाच्या तबकड्या करून घेतल्या. चंद्राची, मंगळाची, गुरूची. माझ्या अंकांवर तबकडी बसवली की काटा तिथले वजन दाखवी. नारळ एकच टांगायचा आणि तबकडी बदलायची. चंद्रावर तो पेरूएवढा हलका, गुरूवर अडीचपट जड!

"नारळ बदलला का रे?" बाई विचारत.

"नाही!"

"मग काय बदललं?"

"ओढ!" सगळा वर्ग ओरडे. इतके कौतुक माझे गोदामात कधी झाले नव्हते.

एकदा शेवटची तबकडी माझ्यावर तशीच राहून गेली. ती शुक्राची होती. शुक्राची ओढ पृथ्वीपेक्षा थोडीच कमी. दहा किलोंचे तिथे जेमतेम नऊ भरतात. त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळांची वजने होती. गावातल्या सकनाहने आपल्या बाळाला, हिल्मीला, झोळीत ठेवले. मागच्या महिन्यात तो आठ किलो भरला होता. वजन घेणाऱ्या रैहूनने काटा दोनदा पाहिला.

"साडेसात," ती हळूच म्हणाली. "बाळ उतरलंय गं, सकनाह. शहरातल्या इस्पितळात दाखवावं लागेल."

सकनाहचा चेहरा उतरला. शेजारी तिची सासू उभी होती. तिला सगळे पापुक, म्हणजे आजी, म्हणत. ती फणकारली, "दूध पाजतेस की नुसती मागावर बसतेस?"

"पाजते हो! रोज कडेवर घेऊन कंबर मोडते माझी. वाळलेलं पोर जड कसं लागेल?" सकनाहचे डोळे भरून आले होते, पण ती हटली नाही. "रैहूनताई, ही आत्ता दुकानातून आणलेली तांदळाची पिशवी. पाच किलोची आहे, तोंडही उघडलेलं नाही. टांगा बरं."

काटा साडेचारवर थांबला.

पापुकने पिशवीकडे पाहिले, मग सुनेकडे. "तांदूळपण आजारी पडला म्हणायचा!"

बायका खो-खो हसल्या. रैहूनने माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली. तबकडीच्या तळाशी मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते, शुक्र.

कागद निघाला. हिल्मी पुन्हा झोळीत बसला. आठ किलो आणि वर थोडे. सकनाहने त्याला उचलून घट्ट धरले.

"दे इकडे," पापुक जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तुझी कंबर मोडते ना? घरापर्यंत मी घेते."

मित्रांनो, आता माझी स्प्रिंग गंजू लागली आहे. अधूनमधून तेलाचा थेंब द्या, धूळ पुसा, काम झाले की तबकडी उतरवा. आणि माझा आकडा कडेवरच्या ओझ्याशी जुळला नाही, तर आईला रागावण्याआधी मला एकदा तपासा. मी फक्त ओढ मोजतो. बाळाला रोज उचलते ती.