डोलकाठीखालचं ओलं लाकूड

मित्रांनो, आमच्या बोटीवर येणारा प्रत्येक जण मान वर करून डोलकाठी पाहतो. ती ज्याच्या अंगावर उभी आहे तो जुना डेक मी. मला कोण पाहतंय! खाली-वर फायबरचे पातळ थर आणि मधे बाल्साचं हलकं लाकूड, अशी माझी घडण. ते लाकूड कोरडं असेल तोवरच माझ्यात बळ.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या एका खाडीत एलवुड आणि व्हर्ना या नवराबायकोने ही बोट हौसेने घेतली. तिथे डोलकाठी उभारताना तिच्या बुडाशी शकुनाचं नाणं ठेवतात. दर हिवाळ्याआधी डोलकाठी उतरवली की ते नाणं हरवायचं. म्हणून एलवुडने नाण्याला भोक पाडलं आणि स्क्रूने ते माझ्यात घट्ट बसवलं. त्या स्क्रूच्या भोकातून माझ्या पोटात पाणी शिरलं. थंडीत ते गोठायचं, उन्हाळ्यात लाकूड कुजवायचं.

मी दबू लागलो, तशी डोलकाठीही खाली आली आणि तिला धरणाऱ्या तारा सैल पडल्या. एलवुडने तारा आवळल्या. त्यामुळे डोलकाठी मला आणखीच दाबू लागली. माझ्या खालचं केबिनचं दार अडायला लागलं.

"एलवुड, दार पुन्हा अडतंय. वरून काहीतरी दबतंय बघ," व्हर्ना म्हणाली.

"लाकूड फुगलंय गं. रंधा मारतो, की झालं!"

"गेल्या वर्षीही रंधाच मारलास."

"मग? चाललं ना वर्षभर?"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण डेकला कुठली आलीय वाचा!

ऑगस्टमध्ये भर खाडीत वारा चढला आणि मी खचलो. डोलकाठी कोसळली ती व्हर्नाच्या खांद्यावर. तिचा उजवा हात कायमचा लुळा पडला.

त्या हिवाळ्यात एलवुडने माझा वरचा थर कापला. आत लाकूड नव्हतंच, काळा चिखल होता. तो त्याने खरवडून काढला, मला पार सुकवलं आणि डोलकाठीखाली थरावर थर देऊन फायबरचा भरीव ठोकळा केला. काम करताना तो रडायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी व्हर्ना धक्क्यावर आली.

"ये ना," एलवुड म्हणाला. "आता वर ट्रक उभा केला तरी डेक दबायचा नाही."

"डेकचा भरवसा आहे रे मला," ती म्हणाली. "तुझाच राहिला नाही." आणि ती गाडीकडे वळली.

मित्रांनो, आता माझ्यावर एकट्या एलवुडचीच पावलं वाजतात. माझी एवढीच विनंती आहे. घरातलं माणूस तीच तक्रार पुन्हा करत असेल, तर हातातलं काम ठेवा आणि ऐका. मी दुरुस्त झालो. व्हर्नाचा हात झाला नाही.