काचेमागची घरघर

मरजानला युरोपातल्या एका प्राणिसंग्रहालयात पाठवायचं ठरलं, त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. मादी निरोगी आहे, गाभण नाही, प्रवासाला हरकत नाही, असा निर्वाळा खुद्द डॉक्टर चारुशीलानं दिला होता.

चारुशीला मूळची नाशिकची, पशुवैद्य. आखातातल्या शुऐबाच्या कारखान्यांच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या एका खासगी मत्स्यालयात ती नोकरीला होती. तिथे तीन ठिपकेदार सील होते, थंड समुद्रातले. बाहेर उन्हानं गाडीच्या स्टिअरिंगला हात लावणं अशक्य व्हायचं, तेव्हाही त्यांच्या तलावाचं पाणी गारठून टाकणारं ठेवावं लागे. मरजान ही एकच मादी. सुलतान हा तरणाबांड नर. तिसरा शायिब. शायिब म्हणजे इथल्या अरबीत म्हातारा. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि दिवसातला बराच वेळ तो कोपऱ्यातल्या खडकावर पालथा पडून काढायचा.

मत्स्यालयाचे मालक ओवैस यांना मरजानचं पिल्लू हवं होतं, आणि सगळ्यांची भिस्त होती सुलतानवर. दर उन्हाळ्यात तो पाण्यावर फटाफट वल्ह्यांसारखे पर मारत तिच्याभोवती घिरट्या घालायचा, मध्ये आलेल्या शायिबला चावून पिटाळायचा. मरजान मात्र त्याला जवळ येऊ देत नसे. या जातीचं मीलन पाण्यातच होतं. मादी खडकावर चढून बसली की नराचा जोर काही कामाचा नसतो. मरजान खडकावर चढून बसायची आणि सुलतान जवळ आला तर त्याच्या मानेला दात लावायची.

त्या वर्षी तर तेही झालं नाही. सुलतानच्या पराला जखम होऊन ती चिघळली आणि ऐन हंगामात त्याला उपचारासाठी वेगळ्या टाकीत हलवावं लागलं. तो परतेपर्यंत मोसम सरला होता. सप्टेंबरात चारुशीलानं मरजानची सोनोग्राफी केली. गर्भाशय रिकामं. मग युरोपातल्या त्या लोकांशी बोलणं झालं. त्यांच्याकडे बरेच नर होते, तिथे मरजानला एखादा पसंत पडेल, असा विचार होता.

सगळ्यात अवघड काम तौफीकच्या वाट्याला आलं. तौफीक श्रीवर्धनचा, सीलची देखभाल करणारा. मरजान इथे आली तेव्हा ती काहीच खात नव्हती, तेव्हा त्यानंच तासन्‌तास पाण्यात उभं राहून तिला हातानं मासे खायला शिकवलं होतं. आता प्रवासाच्या पेटीत शिरायलाही त्यानंच शिकवायचं होतं. तो रोज पेटीत मासा ठेवायचा आणि ती विश्वासानं आत जायची. तौफीक तक्रार करत नव्हता.

नोव्हेंबरात, विमान ठरलं होतं त्याच आठवड्यात चारुशीला चहा घ्यायला गेली, तर पंप आणि शीतयंत्रं सांभाळणारा निखिल तिथे जुमरुकवाल्यांच्या, म्हणजे कस्टमवाल्यांच्या, नावानं बोटं मोडत बसला होता. उन्हाळ्यात सीलच्या तलावाच्या काचेला हात लावला की घरघर जाणवते, अशी तक्रार पाहुण्यांनी केली होती. निखिलला पंपाच्या बेअरिंगचा संशय आला, म्हणून त्यानं नवं मागवलं. ते अजून जुमरुकमध्येच अडकलं होतं.

"आणि गंमत म्हणजे," तो म्हणाला, "बेअरिंग जुनंच आहे, पण घरघर केव्हाच थांबली. पंप तोच, पाणी तेच."

चारुशीलानं विचारलं, की ती सुरू कधी झाली होती. निखिलनं आठवून सांगितलं, सुलतानला बाजूच्या टाकीत हलवलं त्याच सुमारास. आणि तो परत यायच्या आधीच बंद पडली.

तिचा चहा तसाच राहिला. या जातीचा नर मीलनाच्या काळात पाण्याखाली घुमतो, खोल, लांबलचक आवाजात. मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला बजावायला. सुलतान असताना शायिबची तोंड उघडायची हिंमत नव्हती. पण सुलतान नसताना त्या तलावात दुसरा नर होताच कोण? म्हाताऱ्याला तर कुणी नरांत धरलंच नव्हतं. तिनंही नाही.

आणि सप्टेंबरची सोनोग्राफी? सीलमध्ये गर्भ राहिला तरी लगेच रुजत नाही. इवलासा गोळा होऊन तो दोन-अडीच महिने तसाच थांबतो, मग गर्भाशयाला चिकटून वाढू लागतो. हे ती शिकली होती, तिला पाठ होतं. मीलन झालंच नाही अशी खात्री असल्यानं ते मनातही आलं नव्हतं.

ती तडक ओवैस यांच्याकडे गेली. पेटी तयार होती, विमानात जागा ठरली होती, युरोपातून त्यांचा माणूस यायला निघाला होता. आपला अंदाज चुकला तर हसं होईल, आणि बरोबर असला तर त्या प्रवासात पिल्लू हातचं जाऊ शकतं, दोन्ही तिनं सांगून टाकलं. सप्टेंबरात मी घाई केली, हेही सांगितलं. ओवैस यांनी टेबलावरची जपमाळ उचलली, दोन मणी सरकवले आणि विचारलं, तपासायला कितीसा वेळ लागेल. आत्ताच करता येईल, म्हणाल्यावर ते म्हणाले, मग इथे कशाला उभ्या आहात.

तौफीकनं मरजानला कुशीवर झोपवलं आणि तिच्या तोंडाजवळ मासे घेऊन गुडघ्यांवर बसला. चारुशीला तिच्या पोटावरून यंत्र फिरवू लागली. आधी नुसता करडा धुरळा. तिनं हात थोडा खाली घेतला आणि तिथेच धरला. पडद्यावर शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता.

"तौफीकभाई, ठोके दिसतायत."

"कुणाचे, डॉक्टर?"

"पिल्लाचे."

तौफीकनं माशांनी माखलेले हात तसेच चेहऱ्यावर धरले. मरजाननं मान लांब करून त्याच्या कोपराला मिशा लावल्या. मासा का थांबला, हे तिला कळत नव्हतं. युरोपातल्या माणसाला तो विमानतळावर असतानाच फोन करून माघारी वळवलं. तो रागावेल अशी भीती होती. उलट त्यानं अभिनंदन केलं आणि फोटो पाठवा म्हणाला.

हिवाळा गेला, रमजान गेला, पुन्हा उन्हाळा तापला. दोन्ही नरांना बाजूच्या तलावात हलवलं, कारण पिल्लू वाढवण्यात बापाचा काही उपयोग नसतो, झाली तर अडचणच. जूनमध्ये एका सकाळी मरजाननं पाण्यातच पिल्लाला जन्म दिला. ते ठिपकेदार, ओलं, डोळे टक्क उघडे असं बाहेर आलं आणि लगेच पोहायला लागलं.

तरी चारुशीलाची काळजी गेली नव्हती. पहिलटकरीण मादी पुष्कळदा पिल्लाला टाकून देते. पिल्लू खडकावर चढून आईच्या मानेजवळ दूध शोधायला लागलं, मग पाठीवर, मग शेपटीकडे. दरवेळी मरजान सरकून दूर जायची. पिल्लू रडायचं, बकरीच्या करडासारखं. बाटली तयार होती, पण एकदा माणसानं मध्ये हात घातला की आई कायमची परकी होण्याची भीती. चारुशीला आणि तौफीक दाराच्या फटीतून बघत उभे राहिले. दुपार कलली. पिल्लाचं रडणं बारीक झालं.

चारुशीलानं बाटली हातात घेतली. तौफीक हळूच म्हणाला, "अजून जरा थांबू या, डॉक्टर?" तिनं बाटली परत खाली ठेवली.

मरजाननं पिल्लाच्या तोंडाला नाक लावलं, बराच वेळ हुंगलं. मग एक सुस्कारा सोडून ती कुशीवर वळली आणि परानं त्याला पोटाशी ओढलं. पिल्लू एकदा चुकलं, दुसऱ्यांदा त्याला सापडलं. चुटूचुटू आवाज दारापर्यंत आला.

चारुशीला तिथेच ओल्या फरशीवर बसली. पाय एवढे दुखतायत, हे तिला आत्ता कळलं. तौफीक बाहेर जाऊन बायकोला, हफिजाला, फोन लावत होता. तिकडे श्रीवर्धनला नीट ऐकू जात नसावं, कारण तो पुन्हा पुन्हा मोठ्यानं सांगत होता, "दूध पिलं गो, पिलं."