माझ्या चाकांची चरबी कुणी खाल्ली?

इसवी सन १५७२ चा ऑगस्ट होता. मी आज एक जुनी लाकडी भिंत आहे, मित्रांनो, पण तेव्हा माझ्या पाइनच्या फळ्यांतून अजून डिंक गळत होता. मला चाकं होती, बंदुकीसाठी भोकं होती. माझ्यासारख्या भिंती शेजारी शेजारी लावल्या की उघड्या माळावर गढी उभी राही आणि शिपाई ढकलतील तिकडे चालू लागे.

मॉस्कोच्या दक्षिणेला क्रिमियाच्या घोडेस्वारांनी आम्हाला, म्हणजे रशियाच्या झारच्या फौजेला, घेरलं. आत मेलेले घोडे, माश्या, आणि पाण्याचा थेंब नाही. त्रेत्याक शिपायाचा धाकटा भाऊ पोस्निक मांडीत बाण घुसून माझ्या सावलीला पडला होता. पाणी मिळालं नाही तर तो जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मला ओढ्यापर्यंत ढकलायचं आणि माझ्या आडून पाणी भरायचं, असं ठरलं.

पण माझी चाकं अडकली. वंगणाच्या चरबीचं पिंप चाटूनपुसून रिकामं होतं.

"उंदरांनी खाल्ली असेल," नायक इस्तोमा म्हणाला. येशूच्या आईचे, देवमातेचे, उपास चालू होते. मांस-चरबीला शिवू नका, असं हाच रोज बजावायचा.

त्रेत्याक त्याच्या चकाकत्या दाढीकडे बघत राहिला. "उंदरांना दाढी असते का हो, सरकार?"

"जीभ आवर, नाहीतर छाटीन!"

"दादा, भांडतोस काय? पाणी दे ना," पोस्निक कण्हला.

त्रेत्याकने कमरेची पुरचुंडी सोडली. उपास सुटल्यावर खायला बायकोने, उलिताने, डुकराच्या चरबीचा तुकडा दिला होता. एवढ्या भुकेतही त्याने तो चाखला नव्हता. तो सगळा त्याने माझ्या आसाला चोळला. मी हलले. अंगभर बाण झेलले, पण ओढा गाठला. पोस्निक पाणी प्यायला.

पुढे आम्ही लढाई जिंकली आणि इस्तोमाला पराक्रमाबद्दल गाव इनाम मिळालं. उपासात डुकराची चरबी बाळगली म्हणून त्याच्याच सांगण्यावरून त्रेत्याकला फटके बसले. पोस्निक लंगडत का होईना, जगला. नदीवर होडी चालवू लागला. मला इस्तोमाने डुकरांच्या खुराड्याला टेकवून ठेवलं. डुकरांची मला किळस नाही. पाहुण्यांपुढे "हिला मीच ढकललं" म्हणत तो माझ्यावर तेलकट पंजा थापटायचा, त्याची मात्र शिसारी येते. तो मेला, तरी तो डाग माझ्यावर आहे.

मित्रांनो, ज्याच्या आडोशाने जीव वाचला त्याला विसरू नका. म्हातारा त्रेत्याक अजून उपास लागायच्या आदल्या दिवशी येतो आणि आपल्या घासातली चरबी माझ्या आसाला लावतो. आता मला कुठे जायचं नाही. तरी तो चाक एकदा फिरवून बघतो.